पालथा कप

बालाघाट,
१४ नोव्हेंबर १९६६

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

आज दुलीचंदने मला विचारलं, "बाबूजी, क्या लेंगे?"

भिलाईच्या कारखान्यात राहून तू पुष्कळ काही विसरला असशील, पण दुलीचंदचं हॉटेल विसरला नसशील. मी तिथे इंग्रजांच्या काळापासून जातो. तहसील कचेरीत नाझर होतो तेव्हा दुपारच्या सुट्टीत जायचो. पेन्शनीत निघाल्यापासून जेवण झाल्यावर जरा आडवा होतो, मग जातो आणि ऊन उतरलं की घरी येतो. एवढ्या वर्षांत मी तिथे तोंडाने काही मागितलेलं नाही. भिंतीकडच्या बाकावर टेकलो की समोर पोहे येतात. तर्री बेताची, कांदा वेगळा, शेजारी लाखोळीच्या डाळीचा वडा, तोही कढईतून जरा उशिरा काढलेला. मग चहा. मग पत्ते.

रोजच्या माणसाला विचारायचं नाही, हा त्या हॉटेलचा रिवाज आहे. विचारतात ते मोटारीतून उतरलेल्या मुसाफिराला, नाहीतर कोणाच्या तरी पाहुण्याला. लहानपणी तुला घेऊन जायचो तेव्हा तुझ्यापुढे न विचारता जिलेबी यायची. "दुलीचंदकाकाला कसं कळतं?" म्हणून तू मला भंडावून सोडलं होतंस. मी तुला सांगितलं होतं की ज्याला विचारावं लागतं तो पाहुणा, आपल्या माणसाला कोणी विचारत नाही.

आणि आज तोच दुलीचंद खांद्यावर फडकं टाकून, आवाजात पाक घालून मला विचारतो, क्या लेंगे! मला वाटलं मागे कोणी उभं आहे. मी म्हटलं, "काय म्हणालास?" तर म्हणे, "पोहे हैं, आलूबोंडा है, जिलेबी गरम है. जो आप कहें." माझ्यापुढे यादी वाचतो! माझे पत्त्यांतले दोघे भिडू, भोजराज आणि महागू, समोर बसले होते. दोघंही हसत होते, पण थट्टेचं हसू नव्हतं ते. लग्नघरात नवरदेवाकडे पाहून हसतात तसं. मी काही न खाता उठून आलो. कोणी थांबवलं नाही.

आता सरळ विचारतो. तू त्याला काही लिहिलं आहेस का? माझ्या पोटाबद्दल, तेलकट खाण्याबद्दल? तुझं कार्ड मला परवा शनिवारी हॉटेलातच मिळालं, पोस्टमन मला तिथेच गाठतो. काल हॉटेल बंद होतं. त्यात तू लिहिलं आहेस, "सर्व क्षेम. उमा आता धावते. तब्येत जपा." एवढंच. दोन महिन्यांनी एक कार्ड आणि त्यात तीन वाक्यं. तारेलासुद्धा याहून जास्त शब्द घालतात. तर ते "तब्येत जपा" तू दुलीचंदलाही कळवलं असशील तर ते मला चालणार नाही. मला काय पचतं ते मला ठाऊक आहे.

उमा धावते हे वाचलं. पडू देऊ नका.

बाबा

~

बालाघाट,
१९ नोव्हेंबर १९६६

चि. मधूस,

तुझं उत्तर आलेलं नाही. इतक्या लवकर येणार नाही हे मला कळतं, पण मला थांबता येत नाही.

बालाघाटात काय एकटा दुलीचंदच आहे, असं म्हणून मी तीन दुपारी बाहेर काढल्या. स्टेशनाजवळच्या ठेल्यावर पोहे खाल्ले. भिजवताना कोणीतरी झोपला असावा, नुसता लगदा. बाजारात खव्याच्या जिलेबीचं दुकान आहे, तुझ्या आईला आवडायचं ते. तिथे गर्दीत उभं राहून खावं लागतं आणि प्रत्येकाला "कितनी दूँ?" विचारतात. मी म्हटलं, "जितकी देतोस तितकी दे." त्याने मला वेड्यात काढलं. तिसऱ्या दिवशी गळ घेऊन तळ्यावर जाऊन बसलो. शिंगाड्याच्या वेलात गळ अडकला तो तुटूनच आला. दुपार ही काय चीज आहे ते माणसाला बसायची जागा गेल्यावर कळतं. तीन वाजता घड्याळ बंद पडलं की काय असं वाटून मी त्याला कान लावून पाहिला.

परतताना महागू भेटला. तुला आठवत असेल, खैरलांजीकडचा, भरवेलीच्या खाणीवर मुकादम होता. सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "काहून जी नाझरसाहेब, दिसतच नाही तुमी? सामान बांधून राह्यले का?"

"कसलं सामान?"

"आता आमच्यापासून काय लपवता जी! पोराचं कार्ड आलं, तुमी वाचलं, कप पालथा घातला अन् उठून गेलते. समदं समजलं आमाले. दुलीचंदनं तं डोळेच पुसले. बरं झालं पन. पोरानं बोलावलं तं जाच तुमी."

मधू, मी रस्त्यातच उभा राहिलो.

तुझ्या लहानपणी तू हे पाहिलं असशील, पण लक्षात नसेल. आपलं गाव बदल्यांचं. कोणी बिरश्याला जातो, कोणी मंडल्याला, आणि छप्पन साली राज्यं फिरली तेव्हा तर अर्धी कचेरी नागपूरकडे निघाली. जाणाऱ्याला "चाललो" म्हणणं जड जातं. म्हणून शेवटच्या दिवशी चहा पिऊन तो कप बशीत पालथा घालतो आणि उठतो. दुलीचंद समजतो. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस हॉटेलचा राहिला नाही, पाहुणा झाला. सामान बांधेपर्यंत आला तर त्याला मानाने विचारतात, काय घेणार?

आता मी कप पालथा का घातला ते ऐक. जिलेबीच्या पाकावर गांधीलमाश्या घोंगावतात. त्यातली एक माझ्या बशीत उतरली. माझ्या एका हातात तुझं कार्ड होतं. मी ते उलटून पाहत होतो, मागे आणखी काही लिहिलं आहे का म्हणून. मागे फक्त पत्ता होता. दुसऱ्या हाताने मी रिकामा कप माशीवर उपडा घातला. डोकं फिरलेलं होतं, तसाच उठून निघून आलो. एवढंच झालं. एका गांधीलमाशीपायी मला गावातून उठवलं आहे!

तू म्हणशील, मग तिथल्या तिथे महागूला सांगायचं. सांगणारच होतो. "मधूने बोलावलेलं नाही" हे एवढंच वाक्य म्हणायचं होतं. तोंडही उघडलं. महागू इतक्या आनंदाने पाहत होता. मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणजे काय, मला विचारू नकोस.

बाबा

~

बालाघाट,
२८ नोव्हेंबर १९६६

चि. मधूस,

पहिल्या पत्राचं तुझं उत्तर आलं. "मी कुणाला काही लिहिलं नाही." ठीक. दुसऱ्या पत्राबद्दल तुझ्याकडून चकार शब्द नाही.

इकडे माझे हाल कुत्रा खात नाही. "बघू" म्हटल्याचा गावाने "हो" केला आहे. आपल्या घरी पोळ्या करते ती गोदाबाई परवा म्हणाली, "मी दुसरं घर पाह्यलं जी. तुमी गेल्यावर मले बसून कसं चालन?" मी विचारलं, कोण म्हणालं मी चाललो? तर म्हणे, "समदं गाव म्हंते." शेजारच्यांनी आपल्या अंगणातला पेरू राखायची जबाबदारी माझ्या देखत वाटून घेतली.

भोजराज छोट्या लाइनवर गार्ड होता, हे तुला ठाऊकच आहे. त्याला आता काम मिळालं आहे. मी दिसलो की तो गाड्या सांगतो. "सकाळची छोटी गाडी धरा जी. गोंदियाले बदला, तिथं हावड्याकडली भेटते. गोंदियाचे पोहे खाऊ नका, तिखट राह्यते." रोज सांगतो, आणि रोज एखादी गाडी बदलतो. एका मध्यप्रदेशातून दुसऱ्या मध्यप्रदेशात जायला मधला महाराष्ट्र ओलांडावा लागतो, हा त्याचा लाडका विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मला नकाशाचाच राग येतो.

पण हेही मी सोसलं असतं. पत्त्यांचं सोसवत नाही. आम्ही पाच-तीन-दोन खेळतो. तिघांचा डाव, चौथ्याला त्यात जागा नाही. माझ्या जागेवर त्यांनी नथ्थू बियाणेवाल्याला बसवलं आहे. मी बाकाच्या टोकाला, पाहुण्याच्या जागी, हातात मागून घेतलेला चहा धरून त्याचा खेळ बघतो. त्याला हुकूम लावता येत नाही रे! पाच हात करायचे असताना पहिल्याच फेरीत एक्का टाकून बसतो. मी म्हटलं, "राजा दाबून ठेव." तर भोजराज मलाच म्हणतो, "राहू द्या जी, शिकन तो हळूहळू. तुमाले आता कायची फिकर? तुमी तं चालले नातीजवळ." ज्या बाकावर माझ्या पाठीने भिंतीचा चुना घासला गेला, तिथे नथ्थू टेकून बसतो आणि जांभया देतो.

पोहेही ते नव्हेत. मागून घेतलेल्या बशीत कांदा वरच घालतात, मुसाफिराला घालतात तसा. आणि दुलीचंद? त्याचं बोट सुजलं होतं, डाग अजून आहे. मी गेल्यावर त्याने कप उचलला तेव्हा ती माशी त्याला कडकडून चावली. मला दाखवून म्हणतो, "जाता जाता निशानी देऊन गेले बाबूजी." त्याला वाटतं, मी हे मुद्दाम केलं, थट्टेने, म्हणजे मी किती खूश आहे बघा! त्या बोटाकडे पाहिल्यावर मला खरं सांगायचा आणखीच धीर होत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे आणि लाज वाटते म्हणून रागही येतो आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तू मला एकदा बोलाव.

मी येणार नाही. भिलाईत माझं काय आहे? तिथे तुमचे भोंगे वाजतात, दुपारी सगळे कामावर असतात आणि बसायला एक बाक नाही म्हणतात. पण तू बोलावलंस तर ते पत्र घेऊन मी हॉटेलात जाईन, मोठ्याने वाचेन आणि सांगेन, "पोरगा बोलावतो आहे, पण मी नाही म्हटलं." मग कप सरळ होईल. नथ्थू उठेल. मला "नाही" म्हणायचं आहे, मधू. आणि बोलावल्याशिवाय नाही म्हणता येत नाही.

तुझी आई गेल्यापासून तू एकदाही "या" असं लिहिलेलं नाहीस. उमाचं बारसं झालं तेव्हाही तू लिहिलंस की अमक्या दिवशी बारसं आहे. "या" नव्हतं त्यात. मी ते कार्ड चारदा वाचलं होतं. म्हणून आलो नाही, झालं. तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नव्हतं. आता विषय निघालाच आहे म्हणून लिहिलं.

दोन ओळी पुरेत. शाईने लिही, पेन्सिलीने नको. लोकांना दाखवायचं आहे.

बाबा

~

बालाघाट,
९ डिसेंबर १९६६

चि. मधूस अनेक आशीर्वाद. सौ. पुष्पलतेस व चि. उमेस आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनने ते हॉटेलातच दिलं. कार्ड नव्हतं, जाड लिफाफा होता, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. मी चष्मा लावला, घसा साफ केला. नथ्थूने पत्ते खाली ठेवले. दुलीचंद कढई उतरवून आला. बोलावण्याचं पत्र मोठ्याने वाचायचं आणि "नाही" म्हणायचं, असं मी सकाळपासून मनात घोळवत होतो.

"बाबा, तुमचं पत्र वाचून मला गुस्सा आला," इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं. पुढचं मनात वाचलं. ते तुलाच पुन्हा लिहून दाखवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला कळेल.

"तुम्हाला मी बोलावू? मी? तुम्हीच मला दुलीचंदकाकाच्या हॉटेलात शिकवलं होतं ना, ज्याला विचारावं लागतं तो पाहुणा. मी पुष्पाच्या माहेरच्यांना 'अवश्य यावे' लिहिलं, साहेबांना छापील कार्ड दिलं. तुम्हाला फक्त तारीख कळवली, कारण घरच्या माणसाला तारीख पुरे. त्या दिवशी दोन गाड्या पाहिल्या मी स्टेशनवर. घुगऱ्या थांबवून ठेवल्या होत्या. शेवटी नाव पुष्पाच्या मामांनी ठेवलं. मला वाटलं, आई गेल्यावर तुम्ही आम्हाला सोडलं. तेव्हापासून मला लिहायला काही सुचत नाही, म्हणून तीन वाक्यं लिहितो. खाट तुमची टाकलेली आहे. ती मी कुणाला वापरू देत नाही."

दोन गाड्या पाहिल्यास हे तू मला आज सांगतोस!

मी चष्मा काढला. भोजराज म्हणाला, "काय लिवते पोरगा?"

आणि मी, इतके दिवस ज्याने "बघू, बघू" करून दिवस ढकलले, त्याने सरळ सांगितलं. "बोलावलं नाही. पहिल्या कार्डातही नव्हतं बोलावलं. कप मी गांधीलमाशीवर घातला होता."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. दुलीचंद आपल्या बोटाकडे बघत राहिला. मग महागू म्हणाला, "तं मंग? आपल्या पोराच्या घरी जायाले बोलावनं लागते का जी? मी तं माह्या पोराकडं दोन दिवस सांगूनबी जात नाही. सुनेनं भाकर कमी केली असन तं तिचीच खातो."

मला भयंकर राग आला. तुझा आला, की बापाने सांगितलेली एक गोष्ट तू इतकी धरून ठेवलीस. माझा आला, की तीच गोष्ट तुला सांगून मी स्वतः "या" शोधत बसलो. दोघांनी एकच नियम पाळला आणि पोरीची दोन वर्षं मी पाहिली नाहीत. ती रांगली कशी, मला ठाऊक नाही. आता धावते म्हणे. हा नियम पोह्यांना ठीक आहे, मधू. पोहे चुकले तर उद्या पुन्हा होतात. घराला तो लावायचा नव्हता. तू लावलास, मीही लावला, आता पुरे.

दुलीचंदने न विचारता पोहे आणले. कांदा वेगळा होता. वडा होता, करपण्याच्या बेतात आलेला. नथ्थू जागेवरून उठायला लागला, त्याला मी म्हटलं, बस, एवढा डाव खेळ आणि देवाशपथ एक्का पहिल्यांदा टाकू नकोस. टाकलाच त्याने. पोहे मात्र मी सगळे खाल्ले, बशी पुसून.

चहा प्यायल्यावर कपाचं काय करावं कळेना. पालथा घालावा तर तो कायमचा निरोप, आणि मला भिलाईत कायमचं राहायचं नाही, हे आताच ऐकून ठेव. सरळ ठेवावा तर मी गेल्यावरही रोज दुपारी माझा वडा तळून ठेवतील. शेवटी कप सरळ ठेवला आणि त्यावर बशी उपडी घातली, दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवतात तशी.

दुलीचंद म्हणाला, "हे काय नवं काढलं बाबूजी? याचा मतलब?"

आजवर त्या हॉटेलात मी काही तोंडाने सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मुलाकडे चाललो. होळीला परत येईन. जागा माझी आहे, नथ्थूला उसनी दिली. झाकून ठेव."

"हौ," म्हणाला तो. मग वळून डोळे पुसले. हा माणूस फार लवकर रडतो, त्याच्या वड्यांत मीठ जास्त होतं ते उगाच नाही.

हे पत्र तुला वेळेत मिळावं म्हणून पुढच्या रविवारी, १८ तारखेला, सकाळच्या छोट्या गाडीने निघतो. भोजराज गोंदियापर्यंत सोबत येणार आहे, मी नको म्हटलं तरी. तिथून हावड्याकडच्या गाडीने दुर्गला संध्याकाळी उतरेन. गाडी चुकली तर पुढच्या गाडीने येईन, पण येईन.

तू दुर्गच्या स्टेशनवर ये. तुला घरचा मुलगा म्हणून कळेलच, असं धरून मी गप्प बसणार नाही. शाईने लिहितो आहे: ये. उमाला घेऊन ये, तिला स्वेटर घाल, संध्याकाळी गारठा असतो. ती मला ओळखणार नाही, म्हणून तू तिला आधी सांगून ठेव की हे आजोबा.

आणि पुष्पलतेला सांग, घरी पोचल्यावर माझ्यासमोर अंदाजाने काही आणून ठेवू नये. तिने मला विचारावं, बाबा, काय घेणार?

मी सांगेन.

बाबा